बंध आखूड म्हणजे मजबूत? संकुलांच्या बाबतीत हे कुठवर खरं आहे

मधला धातूचा अणू आणि त्याला जोडलेले इतर रेणू किंवा आयन (लिगंड) मिळून बहुतेक संकुलं बनतात. त्यांच्याबद्दल एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या दोन निकेल संकुलांच्या स्फटिकरचना नुकत्याच मिळाल्या. दोन्ही अष्टफलकी आहेत, म्हणजे निकेलभोवती सहा जोड आहेत. पहिल्यात पिरिडीनचा नायट्रोजन आहे आणि निकेल–नायट्रोजन अंतर २०५ पिकोमीटर आहे. दुसऱ्यात अमाइनचा नायट्रोजन, अंतर २१२. पहिल्यातला बंध जास्त मजबूत आहे असं प्रबंधात लिहू का? बंध आखूड तितका मजबूत, असंच आम्ही शिकलो आहोत."

लिहू नका. निदान एवढ्याच पुराव्यावर लिहू नका. तुम्ही शिकलात ते चुकीचं नाही, पण त्या नियमाला एक अट आहे आणि शिकवताना ती बहुतेक वेळा गळते. बंधाच्या दोन्ही टोकांना तेच अणू हवेत आणि त्या अणूंची अवस्थाही शक्य तितकी तीच हवी. अट पाळली की नियम इमानाने वागतो. अट सुटली की तो नुसता ढिला पडत नाही, कधी कधी चक्क उलटा होतो. संकुलांचे स्फटिक मोजण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली आणि विद्यार्थ्यांच्या मसुद्यांत मला सगळ्यात जास्त वेळा खोडावं लागलेलं वाक्य हेच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नियम आला कुठून ते पाहू. कार्बन–कार्बन एकेरी बंध १५४ पिकोमीटर, दुहेरी १३४, तिहेरी १२०. तोडायला लागणारी ऊर्जा अनुक्रमे सुमारे ३५०, ६१० आणि ८४० किलोज्यूल प्रति मोल. अणू तेच, फक्त मधल्या इलेक्ट्रॉनांची संख्या वाढत गेली. हायड्रोजन हॅलाइडं (फ्लोराइड, क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड या क्रमाने) घेतली तर अंतर ९२, १२७, १४१, १६१ असं वाढतं आणि ऊर्जा ५७०, ४३२, ३६६, २९८ अशी उतरते. इथे एका टोकाचा अणू बदलूनही नियम टिकला, आणि त्यामुळेच आपला ग्रह पक्का होतो. पण त्याच हॅलोजनांचे स्वतःचे रेणू पाहा. फ्लोरीनचा बंध १४२ पिकोमीटरचा आणि १५९ किलोज्यूलचा. क्लोरीनचा बंध तब्बल १९९ पिकोमीटर लांब, तरी २४३ किलोज्यूलचा. फ्लोरीनचे अणू लहान, त्यामुळे त्यांच्यावरच्या एकाकी इलेक्ट्रॉन जोड्या एकमेकींच्या फार जवळ येतात आणि रेटतात. पुस्तकं याला अपवाद म्हणून पुढे सरकतात. मला तो शब्द खटकतो. लांबी आणि ताकद या मुळातच दोन वेगळ्या राशी आहेत, हे सांगणारी ही पहिली खूण आहे.

वेगळ्या कशा, ते विहिरीवरून समजून घ्या. दोन अणूंमधल्या अंतरानुसार ऊर्जेचा आलेख काढला तर तो विहिरीसारखा दिसतो. बंधाची लांबी म्हणजे त्या विहिरीचा तळ कुठे आहे ती जागा. बंधाची ताकद म्हणजे तळापासून काठापर्यंतची खोली. आणि आयआरमध्ये, म्हणजे अवरक्त वर्णपटात, दिसणारी कंपनाची वारंवारता सांगते ती तळाजवळच्या भिंती किती उभ्या आहेत ते, म्हणजे बंधाचा ताठपणा. जागा, खोली आणि भिंतींचा चढ ही तीन स्वतंत्र मापं आहेत. अणूंची जोडी तीच राहिली तर तिन्ही एकमेकांबरोबर सरकतात, म्हणून आपण एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू शकतो. त्यातही लांबी आणि ताठपणा यांचं नातं बऱ्यापैकी जवळचं आहे. रिचर्ड बॅजर यांनी १९३४ मध्ये ते सूत्रात मांडलं. ही दोन्ही मापं तळाजवळचीच आहेत, म्हणून ती जुळतात. खोलीसाठी मात्र काठापर्यंत जावं लागतं, आणि काठावर काय आहे हे तळात उभं राहून दिसत नाही.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण कार्बन मोनॉक्साइडचं आहे. त्यातून एक इलेक्ट्रॉन काढून घेतला तर बंध ११२.८ वरून १११.५ पिकोमीटरवर येतो, म्हणजे आखूड होतो. कंपनाची वारंवारताही वाढते. दोन्ही पुरावे 'मजबूत झाला' असंच ओरडत असतात. पण तोडायला लागणारी ऊर्जा १०७२ किलोज्यूलवरून सुमारे ८०५ वर घसरते. कारण काठावरचं दृश्य बदललं. आधी तुटून कार्बन आणि ऑक्सिजनचे उदासीन अणू मिळत होते, आता कार्बनचं आयन आणि ऑक्सिजनचा अणू मिळतो. बंधाची ऊर्जा ही नेहमी 'तुटल्यावर काय उरलं' याच्या तुलनेत मोजलेली असते, आणि स्फटिकातल्या अंतराला त्या उरलेल्या तुकड्यांची काहीही खबर नसते.

आता संकुलांकडे येतो, कारण तुमचा प्रश्न तिथला आहे. सहाव्या गटातली तीन हेक्झाकार्बोनिलं घ्या, म्हणजे धातूला सहा कार्बन मोनॉक्साइड (कार्बोनिल) जोडलेली संकुलं. धातू–कार्बन अंतर क्रोमियममध्ये १९१ पिकोमीटर, मॉलिब्डेनममध्ये २०६, टंगस्टनमध्ये २०७. पहिला कार्बोनिल तोडायला लागणारी ऊर्जा अनुक्रमे सुमारे १५४, १६९ आणि १९२ किलोज्यूल. सगळ्यात आखूड बंध सगळ्यात कमकुवत. मॉलिब्डेनम आणि टंगस्टन यांच्यात तर अंतराचा फरक जवळजवळ नाहीच, लँथनाइड आकुंचनामुळे (लँथनाइडांनंतरचे अणू अपेक्षेपेक्षा लहान राहतात) दोघांचे आकार सारखे झाले आहेत, तरी ताकदीत तेवीस किलोज्यूलचा फरक पडतो. क्रोमियमचे थ्री-डी कक्षक, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जागा, आखडलेले असतात, कार्बोनिलच्या कक्षकांशी त्यांची सरमिसळ तोकडी पडते. फोर-डी आणि फाइव्ह-डी कक्षक बाहेर पसरलेले असल्याने लांबूनही चांगले भिडतात. धातू–धातू बंधांत हाच प्रकार आणखी ठळक दिसतो. क्रोमियमचा द्विअणू रेणू फक्त १६८ पिकोमीटरचा, पण सुमारे १४८ किलोज्यूलमध्ये तुटतो. मॉलिब्डेनमचा १९४ पिकोमीटरचा, आणि त्याला सुमारे ४३० किलोज्यूल लागतात.

इथे एक उपप्रश्न दडलेला आहे आणि माझ्या मते तोच खरा प्रश्न आहे: 'ताकद' म्हणजे नेमकी कोणती? वर मी पहिला कार्बोनिल काढण्याची ऊर्जा दिली. त्याऐवजी सगळे सहाच्या सहा काढून सरासरी घेतली तर क्रोमियमसाठी ती जेमतेम १०७ किलोज्यूल येते. कारण सगळं सुटल्यावर उरतो तो एकटा क्रोमियमचा अणू, सहा समांतर फिरकीच्या इलेक्ट्रॉनांचा, अतिशय स्थिर. तुकडा एवढा समाधानी असल्यावर तोडण्याचा हिशेब स्वस्त पडतो. निकेल टेट्राकार्बोनिलमध्ये उलटं आहे. तिथे सरासरी १४७ च्या आसपास, पण पहिला कार्बोनिल फक्त १०४ किलोज्यूलमध्ये सुटतो. म्हणजे क्रोमियम आणि निकेल यांच्यात मजबूत बंध कोणाचा? पहिल्या बंधाचं माप लावलं तर क्रोमियमचा, सरासरीचं लावलं तर निकेलचा. निकेल–कार्बन अंतर १८४ पिकोमीटर, क्रोमियमपेक्षा सात कमी. ते या वादात कोणाच्याच बाजूने साक्ष देऊ शकत नाही. लुडविग माँड यांनी १८९० मध्ये निकेलचं हे कार्बोनिल जाहीर केलं आणि निकेल शुद्ध करण्याची पद्धत त्यावरच उभी राहिली. पन्नास-साठ अंशांवर ते तयार होतं, दोनशेच्या वर तापवलं की निकेल मागे ठेवून विघटित होतं.

मग संकुलांत लांबी निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. जिथे अणूंची जोडी तीच राहते तिथे ती सुरेख काम करते. झाइझेच्या क्षारात प्लॅटिनमला तीन क्लोराइड आणि एक एथिलीन जोडलेलं असतं. मोकळ्या एथिलीनमध्ये कार्बन–कार्बन अंतर १३४ पिकोमीटर असतं, इथे ते १३७.५ होतं. प्लॅटिनमने एथिलीनच्या पाय-अँटीबाँडिंग (बंध सैल करणाऱ्या) कक्षकात इलेक्ट्रॉन घातले, दुहेरी बंध तेवढा सैल झाला. त्याच रेणूत एथिलीनच्या समोरचा प्लॅटिनम–क्लोरीन बंध २३४ पिकोमीटरचा आहे, बाजूचे दोन २३० चे. धातू तोच, क्लोरीन तोच, स्फटिकही तोच. इथे 'समोरचा बंध कमकुवत झाला' असं निःशंक म्हणता येतं. यालाच आपण ट्रान्स प्रभाव म्हणतो. कुबास यांनी १९८४ मध्ये दाखवलेलं टंगस्टनचं डायहायड्रोजन संकुल हेही असंच. मोकळ्या हायड्रोजनमध्ये ७४ पिकोमीटर, धातूला चिकटल्यावर न्यूट्रॉन विवर्तनात ८२. बंध तुटला नाही, पण तुटण्याच्या वाटेवर थोडा पुढे गेला, आणि ती वाट किती चालून झाली हे लांबीच सांगते.

कार्बोनिलच्या आतल्या कार्बन–ऑक्सिजन बंधाबद्दल मात्र एक व्यावहारिक सूचना देतो. क्रोमियम हेक्झाकार्बोनिलमध्ये तो ११४ पिकोमीटर असतो, मोकळ्या रेणूपेक्षा जेमतेम एका पिकोमीटरने जास्त. जड धातूच्या शेजारी बसलेल्या हलक्या अणूचं स्थान क्ष-किरणांनी इतकं अचूक मिळत नाही, हा फरक मोजमापाच्या चुकीतच बुडून जातो. त्याच रेणूचा आयआर घ्या: मोकळ्याचं शिखर २१४३ प्रति सेंटीमीटर, इथे सुमारे २०००. मँगनीजच्या अशाच हेक्झाकार्बोनिल धन आयनात ते २०९० च्या वर जातं, व्हॅनेडियमच्या ऋण आयनात १८६० च्या आसपास येतं, टायटॅनियमच्या द्विऋण आयनात १७५० पर्यंत उतरतं. धातूवर ऋणभार वाढला की बॅकबाँडिंग (धातूने कार्बोनिलला इलेक्ट्रॉन परत देणं) वाढतं, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. कार्बोनिलसाठी स्फटिकातल्या अंतरांवर परिच्छेद लिहू नका, आयआर द्या.

देणारा–घेणारा प्रकारच्या संकुलांत (एक रेणू इलेक्ट्रॉनांची जोडी देतो, दुसरा घेतो; धातू असायलाच हवा असं नाही) आणखी एक सापळा आहे. एथेन आणि अमोनिया बोरेन यांत इलेक्ट्रॉन सारखेच. एथेनचा कार्बन–कार्बन बंध १५३ पिकोमीटरचा आणि ३७७ किलोज्यूलचा. वायुरूप अमोनिया बोरेनमध्ये बोरॉन–नायट्रोजन अंतर १६६ पिकोमीटर, आणि ताकद सुमारे १३०. लांबी आठ-नऊ टक्क्यांनी वाढली, ताकद एक तृतीयांशावर आली. इथेही कारण तुकड्यांत आहे: एथेन तुटून दोन अस्वस्थ मुक्तमूलकं होतात, अमोनिया बोरेन तुटून दोन पूर्ण, बंद इलेक्ट्रॉन कवचांचे रेणू होतात. आणि असे बंध आजूबाजूच्या परिस्थितीला किती शरण जातात पाहा. हायड्रोजन सायनाइड आणि बोरॉन ट्रायफ्लोराइड यांच्या संकुलात वायुरूपात बोरॉन–नायट्रोजन अंतर २४७ पिकोमीटर असतं, स्फटिकात १६४. एकाच संकुलाच्या एकाच बंधात ऐंशीहून जास्त पिकोमीटरचा फरक, केवळ शेजाऱ्यांच्या ध्रुवीय ओढीमुळे. विहीर उथळ आणि पसरट असली की तळ थोड्याशा धक्क्याने कुठल्या कुठे सरकतो. म्हणून कमकुवत संकुलांत स्फटिकातली लांबी ही त्या रेणूची न राहता त्या स्फटिकाची होऊन बसते.

हायड्रोजन बंधांत नियम बराच बरा चालतो. बायफ्लोराइड आयनात दोन फ्लोरीन २२७ पिकोमीटरवर आणि बंध सुमारे १६० किलोज्यूलचा. बर्फात दोन ऑक्सिजन २७६ पिकोमीटरवर आणि ताकद वीस किलोज्यूलच्या घरात. दाता आणि ग्राही तेच ठेवून तुलना केली तर अंतर विश्वासाचं आहे.

आता तुमच्या निकेलकडे. संकुलांच्या जगात 'मजबूत' म्हणताना आपल्या मनात बहुतेक वेळा स्थिरता स्थिरांक (समतोल संकुलाच्या बाजूने किती झुकतो तो आकडा) असतो, आणि तो द्रावणातला असतो. हेक्झाअमिन निकेल आणि ट्रिस-एथिलीनडायअमीन निकेल, दोन्हींत सहा नायट्रोजन, दोन्हींत निकेल–नायट्रोजन अंतर २१३ पिकोमीटरच्या जवळपास. एकूण स्थिरता स्थिरांकाचा लॉग मात्र पहिल्यात ८.६, दुसऱ्यात १८.३. म्हणजे जवळजवळ दहा घातांकांचा फरक, आणि लांबीत त्याचा मागमूस नाही. फरकाचा मोठा भाग एंट्रॉपीचा, म्हणजे रेणूंच्या मोकळेपणाचा, आहे: तीन द्विदंती (दोन जागी पकडणारे) लिगंड आत येतात आणि सहा पाण्याचे रेणू मोकळे होतात. स्फटिकातल्या अंतरात एंट्रॉपी दिसणार कशी?

आणि जे तुटत नाही ते मजबूत, हाही समज सोडा. टेट्रासायनोनिकेलेटचा स्थिरता स्थिरांक १० च्या ३० व्या घाताच्या आसपास आहे, निकेल–कार्बन अंतर १८६-१८७ पिकोमीटर. तरी त्याचा सायनाइड द्रावणातल्या सायनाइडशी अर्ध्या मिनिटात अदलाबदल करतो. हेक्झासायनोक्रोमेटमध्ये क्रोमियम–कार्बन अंतर २०७ पिकोमीटरच्या आसपास, आणि तिथे अर्धायुष्य चोवीस दिवसांचं. चौकोनी निकेलला पाचवा लिगंड वरून येऊ देण्याची मोकळीक असते. क्रोमियमच्या तीन डी-इलेक्ट्रॉनांना तसा सोपा मार्ग सापडत नाही. हेन्री टॉब यांनी १९५२ मध्ये हा भेद इलेक्ट्रॉन रचनेशी जोडून मांडला. वेग हा वाटेतल्या चढाचा प्रश्न आहे. लांबी आणि खोली दोन्ही त्याबद्दल गप्प असतात.

अंतराच्या आकड्यावर विसंबण्याआधी तो आकडा खरा आहे का हेही तपासा. यासाठी मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला एक घटना सांगतो. १९७१ च्या सुमारास मॉलिब्डेनमच्या ऑक्सो-क्लोरो-फॉस्फीन संकुलांत निळी आणि हिरवी अशी दोन रूपं सापडली आणि मॉलिब्डेनम–ऑक्सिजन अंतर निळ्यात १६८, हिरव्यात १८० पिकोमीटर निघालं. फॉस्फीनमधला किरकोळ फरक सोडला तर सगळं तेच, फक्त एक बंध ताणलेला! 'बंध-ताण समघटक' अशी नवी कल्पना जन्माला आली, सिद्धांतही बांधले गेले. वीस वर्षांनी जेरार्ड पार्किन यांच्या गटाने दाखवलं की हिरवा पदार्थ म्हणजे निळ्या संकुलात मिसळलेलं पिवळं ट्रायक्लोराइड होतं. निळं अधिक पिवळं, हिरवं. स्फटिकात काही जागी ऑक्सिजनऐवजी क्लोरीन बसला होता. मॉलिब्डेनम–क्लोरीन बंध लांब, त्यामुळे दोघांची सरासरी ताणलेल्या ऑक्सिजनसारखी दिसली. बंध कधी ताणला गेलाच नव्हता. फार हुशार आणि प्रामाणिक माणसांच्या हातून हे झालं, म्हणून मला ते जास्त शिकवणारं वाटतं. तुमच्या रचनेत एखादा अणू विचित्र लांबट दिसत असेल तर आधी अव्यवस्थेचा, म्हणजे एकाच जागी वेगवेगळे अणू असण्याचा, संशय घ्या.

बाकीच्या गोष्टी छोट्या, पण टाळू नयेत अशा. दोन्ही रचना एकाच तापमानाला मोजल्यात का? खोलीच्या तापमानाला अणू जास्त डोलतात आणि बंध प्रत्यक्षापेक्षा थोडे आखूड भासतात. प्रमाण त्रुटी किती आहे? अंतरांतला फरक तिच्या तिप्पटहून कमी असेल तर तो फरक म्हणूच नका. आणि हायड्रोजनची क्ष-किरणांतली अंतरं तुलनेला घेऊ नका. कार्बन–हायड्रोजन बंध तिथे १० पिकोमीटरपर्यंत आखूड दिसतो, कारण क्ष-किरणांना केंद्रक दिसत नाही, इलेक्ट्रॉन दिसतात.

तुमचा सात पिकोमीटरचा फरक मोजमापाच्या दृष्टीने बहुधा खरा आहे. पण त्याचं पहिलं कारण साधं असू शकतं: पिरिडीनचा नायट्रोजन एसपी-टू संकरित आहे, अमाइनचा एसपी-थ्री, आणि एसपी-टू नायट्रोजनची त्रिज्या मुळातच लहान असते. बंधाची ताकद बदलली नाही तरी काही पिकोमीटर त्यातच जातात. तुमचे लिगंड जर बंद कड्यांचे असतील तर कड्याच्या पोकळीचा आकारही अंतर ठरवतो. तिथे निकेलला हवं ते अंतर न मिळता कडं देईल ते मिळतं. दोन्ही गोष्टी आधी मार्गदर्शकांशी बोलून घ्या. मग केंब्रिजच्या स्फटिकरचना संग्रहात अष्टफलकी निकेल–पिरिडीन आणि निकेल–अमाइन अंतरं वेगवेगळी शोधा. प्रत्येक संकुलाची तुलना त्याच्याच कुळाशी करा, एकमेकांशी नको. तुमचं २०५ पिरिडीनच्या कुळात नेहमीचंच असेल तर त्याबद्दल काही विशेष सांगण्यासारखं नाही. तुमचं २१२ अमाइनच्या कुळात लांबट निघालं तर तिथे लिहिण्यासारखं काही आहे.

आणि लिगंडांच्या परिणामाबद्दल काहीतरी म्हणायचंच असेल तर तुमच्या हातात निकेल आहे हे नशीब समजा. अष्टफलकी निकेलच्या दृश्य वर्णपटातला सगळ्यात कमी ऊर्जेचा डी–डी पट्टा थेट क्षेत्र विभाजनाची (लिगंडांमुळे डी-कक्षकांच्या ऊर्जेत पडणाऱ्या अंतराची) किंमत देतो. हेक्झाअ‍ॅक्वा निकेलसाठी ती सुमारे ८५०० प्रति सेंटीमीटर, अमोनियासाठी १०८००, एथिलीनडायअमीनसाठी ११५००, बायपिरिडीनसाठी १२७००. दोन्ही संकुलांचे वर्णपट नजीकच्या अवरक्तापर्यंत घ्या, तो पट्टा शोधा. द्रावणात टिकत असतील तर पोटेन्शिओमेट्रीने स्थिरता स्थिरांक काढा. मग प्रबंधात असं लिहा: "पहिल्या संकुलात निकेल–नायट्रोजन अंतर ७ पिकोमीटरने कमी आहे, याचा काही भाग नायट्रोजनच्या संकरणातील फरकाने समजतो. क्षेत्र विभाजन अमुक आणि तमुक आहे, स्थिरता स्थिरांक अमुक आणि तमुक." ज्या मापाने जे मोजलं त्याच्याच नावाने ते लिहिलं की परीक्षक त्यावर हरकत घेणार नाहीत.